‘मूळ रूप’ कोणत्या सालचे?

महोदय,

जुन्या वास्तूंच्या जतनावरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘इमारत मूळ रूपात आणावी’ असा आग्रह धरला आहे. पण मूळ म्हणजे कोणत्या सालचे, ते लेखात कुठेच सापडले नाही. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवरील ‘रुकरी’ या जुन्या कार्यालयीन इमारतीला हा निकष लावून पाहावा.

बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांच्या जोडीने ती 1888 मध्ये पुरी केली. बाहेरून लालसर ग्रॅनाइट, वीट आणि टेराकोटाच्या भार पेलणाऱ्या भिंती, आत मात्र लोखंडी सांगाडा. गगनचुंबी इमारतींचे तंत्र अजून चाचपडत होते, त्या काळातला हा अर्धामुर्धा मामला. खरा ऐवज मधल्या चौकात आहे. वर काचेचे छत, खाली रूट यांनी नक्षीने मढवलेले लोखंडी खांब आणि जिने. रूट 1891 मध्ये वारले. 1905 मध्ये वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी त्यातले बरेचसे लोखंड पांढऱ्या संगमरवराखाली झाकले आणि त्यावर सोनेरी नक्षी कोरवून घेतली. 1931 मध्ये त्यांचेच जुने सहकारी विल्यम ड्रमंड यांनी लिफ्टचा भाग नव्याने केला. पुढे काचेच्या छतावर रंग चढला आणि चौकात अंधार झाला.

1992 पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धारात छत मोकळे झाले आणि चौक प्रामुख्याने राइट यांच्या काळातला ठेवला गेला. मला विचाराल तर रूट यांचे लोखंडच अधिक देखणे! पण त्यासाठी राइट यांचे काम उखडणे म्हणजे दुसरी तोडफोडच. तिथे तोड निघाली ती अशी: एका खांबावरचा थोडा संगमरवर काढून आतले रूट यांचे नक्षीकाम उघडे ठेवले. पाहणाऱ्याला दोघांचे हात एकाच खांबावर दिसतात.

आपल्याकडे काळा घोडा परिसरातली एस्प्लनेड मॅन्शन घ्या. तीही लोखंडी सांगाड्याची, 1860च्या दशकात वॉटसन हॉटेल म्हणून उभी राहिलेली. पुढे आत पार्टिशने पडली, वकिलांनी कार्यालये थाटली. अशा इमारतीच्या दुरुस्तीला हात घालण्याआधी ती कोणत्या सालात नेणार हे जाहीर व्हावे, आणि जे काढून टाकणार त्याचे नकाशे व छायाचित्रे लोकांना पाहता यावीत. निदान एवढा तपशील तरी कामाच्या जागी लावलेल्या फलकावर, कंत्राटदाराच्या नावाखाली, लिहिता येईल.

– एक वाचक, डोंबिवली