सतराव्या ट्रेवर अडकलेला सुळा
केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
स.न.वि.वि.

मी 19 वर्षं मिरजेत दातांना तारा लावते. आमच्या गावात तारा म्हटलं की दोन कामं आठवतात, सतारमेकर गल्लीतलं आणि माझं. सतारीची खुंटी पिळली की सूर तिथल्या तिथे बदलतो. दाताचं तसं नाही. हाड एका बाजूने विरघळावं लागतं, दुसऱ्या बाजूने नवं भरावं लागतं, तेव्हा कुठे महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर दात सरकतो. ही घाई न मानणारी गोष्ट हल्ली फोनच्या पडद्यावर, दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे विकणाऱ्यांच्या व्हिडिओत, पंधरा सेकंदांत होते, आणि त्या पंधरा सेकंदांवर माणसं कर्ज काढतात. म्हणून हे पत्र.

आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल, हा विषय आरोग्य मंत्रालयाचा. अर्धा आहेच. पण माझी तक्रार प्लास्टिकबद्दल नाही. मी स्वतः हे ट्रे, म्हणजे अलाइनर, वापरते, काही रुग्णांना तारांऐवजी तेच सुचवते. तक्रार विक्रीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या शब्दाबद्दल आहे आणि ते खातं आपलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर जतकडचा एक मुलगा आला. नोकरी पुण्यात, लग्न वैशाखात ठरलेलं. सोबत कापडी पिशवी आणि तिच्यात चेनच्या पाकिटांमध्ये एक ते बावीस नंबरचे पारदर्शक ट्रे. कंपनीचा माणूस त्याच्या खोलीवर येऊन दातांचा स्कॅन करून गेला होता, महिन्याभरात ट्रे कुरियरने घरपोच. सोळाव्यापर्यंत ठीक चाललं. सतरावा मात्र बसेना. त्याने माझ्यासमोर तो चढवून दाखवला. उजव्या वरच्या सुळ्यापाशी दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये हवेची फट, नखाच्या जाडीएवढी. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, आणखी दोन आठवडे तोच ट्रे घाला, रबराची नळी चावत राहा. दोनाचे सहा आठवडे झाले. मग त्याने फोनवर तो व्हिडिओ लावला. त्याचेच दात, पांढरेशुभ्र, एकेक करून रांगेत येतात आणि सुळा दार उघडावं तसा अलगद फिरतो. मी शेजारी आरसा धरला. आरशातला सुळा होता तिथेच होता.

तो काय फसला, हे समजायला थोडी यंत्रणा सांगावी लागेल. प्रत्येक ट्रे आधीच्या ट्रेपेक्षा दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढे नेईल असा घडवलेला असतो. दिवसातले 20 ते 22 तास तोंडात ठेवायचा, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा चढवायचा. प्लास्टिकला ढकलता येतं, ओढता येत नाही. ओढायचं तर धरायला काहीतरी हवं. पुढे आलेला पटाशीचा दात मागे कलवायचा असेल, बारीकशी फट मिटवायची असेल, तर ट्रे हे काम छान करतो. सुळा आणि त्यामागच्या उपदाढा गोलसर असतात. तेल लागलेल्या हाताने बरणीचं झाकण फिरवून पाहा. हात फिरतो, झाकण फिरत नाही. म्हणून आम्ही दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे दातावर चिकटवतो. अटॅचमेंट म्हणतात त्यांना. त्याने प्लास्टिकला थोडी पकड मिळते. या मुलाच्या दातांवर एकही नव्हता. ते बसवायला डॉक्टरचा हात लागतो आणि हात कुरियरने पाठवता येत नाही.

शिवाय तोंडातल्या उबेत आणि लाळेत प्लास्टिक सैलावतं, पहिल्या एक-दोन दिवसांचा जोर पुढे टिकत नाही. दाताचा दिसणारा भाग कलला तरी मूळ त्याच्यामागे येईलच असंही नाही. आणि संगणकाला यातलं काही दिसत नाही. त्याच्याकडे स्कॅनमधून आलेला दातांचा वरचा आकार असतो. मूळ केवढं, हाड किती घट्ट, हिरडीला आजार आहे का, हे तो धरून चालतो. नवव्या ट्रेवर सुळा थोडा मागे राहिला की दहावा ट्रे तो पोचला असं समजूनच बनवलेला असतो. उधारी अशी ट्रेगणिक वाढत जाते आणि सतराव्याला दुकानदार हात वर करतो.

आता आकडे. जगात सर्वांत परिचित अलाइनर म्हणजे इनव्हिझलाइन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1998 मध्ये तो विकायला परवानगी दिली. 2009 साली नील क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी 37 रुग्णांच्या पुढच्या दातांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. संगणकाने ठरवलेल्या हालचालींपैकी प्रत्यक्षात उतरल्या सरासरी 41 टक्के. दात हिरडीतून बाहेरच्या दिशेने ओढायचं काम सर्वांत कच्चं निघालं, 29.6 टक्के. पुढे प्लास्टिक बदललं, सॉफ्टवेअर सुधारलं, उंचवट्यांचे नवे आकार आले. 2020 मध्ये क्रॅविट्झ यांच्याच सहभागाने पुन्हा मोजलं, या वेळी 38 रुग्ण. सरासरी 50 टक्के. शाळेत 35 ला पास करतात, तेव्हा नापास म्हणता येणार नाही. पण व्हिडिओत दहा अंश फिरणारा दात ट्रेच्या पहिल्या संचात पाच अंशच फिरला, तर तो व्हिडिओ पाहून सही केलेल्या माणसाला आपण काय सांगणार?

इथे प्रामाणिकपणे एक जोड द्यायला हवी, नाहीतर माझ्याच पेशातले लोक माझ्या अंगावर येतील. ही मोजमापं पहिल्या संचाची आहेत. उरलेलं काम पूर्ण करायला आम्ही पुन्हा स्कॅन करतो, नवे ट्रे मागवतो, गरज पडली तर दोन-चार दातांवर थोड्या दिवसांसाठी तारच बसवतो. माझ्याकडे पहिल्याच संचात सगळं जमलं असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजता येतील. तज्ज्ञाच्या खुर्चीत यात काही बिघडत नाही, कारण दर दीड-दोन महिन्यांनी कुणीतरी तोंडात पाहत असतं आणि दात मागे पडला की तिथेच थांबतं. आमच्यातही काही जण हा व्हिडिओ विक्रीसाठी वापरतात आणि पुढच्या संचाचे पैसे नंतर सांगतात, हे मी लपवत नाही. जे मागते आहे ते त्यांनाही लागू व्हावं. मलाही.

त्या मुलाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे मी काढला. तोपर्यंत कुणीच काढला नव्हता. खालच्या पुढच्या दोन दातांच्या मुळाभोवतीचं हाड निम्म्यावर आलेलं होतं, हिरडीच्या जुन्या आजाराने. हिरडी आधी बरी केल्याशिवाय असे दात हलवायचे नसतात, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा शिकवतात. मी त्याला विचारलं, तुझी योजना कुठल्या डॉक्टरने मंजूर केली? त्याने मेल, ॲप, बिल सगळं चाळलं. विक्री करणाऱ्या मुलीचं नाव होतं, कुरियरवाल्याचा नंबर होता. डॉक्टरचं नाव कुठेच नव्हतं.

ही वाट पुढे कुठे जाते ते अमेरिकेत दिसलं आहे. डॉक्टरची भेट न घेता घरबसल्या ट्रे देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी 2019 मध्ये शेअर बाजारात उतरली, सप्टेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच डिसेंबरात कुलूप लावून मोकळी झाली. लोकांचे उपचार अर्ध्यात होते. दिलेली आयुष्यभराची हमी आता राहिली नाही, असं त्यांना कळवलं गेलं आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांनी ते भरत राहावेत, असंही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, बाइट नावाच्या दुसऱ्या घरपोच ट्रेची विक्री तिच्या मालक कंपनीने थांबवली. आपल्याकडे असं काही झालं तर जतच्या मुलाने कुणाच्या दारात जायचं? त्याचा हप्ता वित्त कंपनीकडे जातो. ट्रे बसो वा न बसो, महिन्याच्या पाच तारखेला पैसे कापले जातात.

कायदा नाही असं नाही. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली वस्तूची नोंदणी आणि परवाना आहे. पण परवाना सांगतो की प्लास्टिक तोंडात ठेवायला चालेल. सुळा फिरेल याची तो हमी देत नाही, आणि दुकानात मात्र दोन्ही एकाच सुरात सांगितलं जातं. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तर खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा, असं म्हटलंय. मग दावा मराठीत, व्हिडिओ रंगीत आणि अटी इंग्रजीत मुंगीच्या अक्षरांत, हे चालतं कसं?

माझं मागणं एवढंच की या व्हिडिओला जाहिरात माना. तो दाखवायचा तर पडद्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत लिहावं की ही योजना आहे, दात इतके सरकतीलच असं नाही आणि पुढचे संच लागण्याची शक्यता मोठी आहे. ते संच किती आणि कितीला, हे पहिल्या पावतीवर यावं. ज्या दंतवैद्याने तोंड तपासून, एक्स-रे पाहून योजना मान्य केली त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्याच पावतीवर असावा. असा माणूस नसेल तर ट्रे बनूच नये. उपचार मध्येच बंद पडला तर उरलेले हप्तेही थांबावेत. यासाठी वित्त मंत्रालयाशी बोलावं लागेल, ते आपण बोलालच.

मुलाचं म्हणाल तर आधी हिरडीचे उपचार झाले. मग वरच्या सहा दातांवर मी तार बसवली. लग्नाच्या फोटोंत तार दिसणार म्हणून त्याची आई नाराज आहे, नवरीची हरकत नाही. पत्रासोबत त्याच्या परवानगीने सतरा नंबरचा ट्रे, त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह पाठवते आहे. ट्रे साच्यावर चढवून पाहावा. जोर लावू नये, तुटेल.

आपली,
मिरजेतील एक दंतवैद्य