परळच्या लॅबमधल्या डॉक्टर मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेत

डॉक्टर मॅडम, त्या दिवशी तुमच्याकडून निघताना मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही, घसा दाटून आला होता आणि बाहेर बाकावर पेशंट ताटकळत बसलेले, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. कोणी ओळखीचं असेल तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा.

झालं असं की मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झालीय आणि आमच्या ओवीला तिकडच्या शाळेत घालायचं तर लसींचा पुरावा लागतो. तिचं कार्ड २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात, परळच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं तेव्हाच गेलं, शाई पसरून काही वाचता येत नाही. मग गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या अँटीबॉडीज (त्या रोगाशी लढणारे घटक) रक्तात आहेत असा लॅबचा रिपोर्ट चालतो म्हणून कळलं, आणि एका मोठ्या लॅबमध्ये रक्त दिलं.

रिपोर्ट आला तो सगळा आयजीजी, इंडेक्स, रेफरन्स रेंज असला, आणि दोन ओळी ठळक अक्षरात. काउंटरवर विचारलं तर "आम्ही समजावत नाही, डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांना दाखवला, त्यांनी मोबाईलवरून नजर न काढता सांगितलं, हिपॅटायटिस फेल आहे, सगळ्या लसी पहिल्यापासून घ्या. फेल! पोरगी शेजारीच उभी होती हो. फी मात्र पूर्ण घेतली. त्या रात्री ओवीने मला विचारलं, "आई, माझं रक्त खराब आहे का, तुम्ही मला आजीकडे ठेवून जाणार का?" दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे घालायला दोन मिनिटं लागली त्यांना, आणि ते काढता काढता मी थकले.

आणि मग तुम्ही. आमची टेस्ट तुमच्या लॅबची नव्हती, तुमचा आमचा काही संबंध नव्हता, शेजारच्या काकू म्हणाल्या विचारून तर बघ म्हणून आले होते. मी रिपोर्ट पुढे केला तर तुम्ही स्टूल ओढून ओवीला बसवलंत, रिपोर्ट तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, "रक्त तुझं आहे ना, मग आधी तुला सांगते, आईला नंतर." मॅडम, बाकी सगळं मी कदाचित विसरेन, पण हे नाही विसरणार. इतके दिवस सगळे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते, तिच्याकडे बघून बोललेल्या तुम्ही पहिल्या. तिचा चेहरा जो काय सैल झाला तो मी समोरून बघत होते.

मग तुम्ही एकेक ओळ घेतलीत. गोवर आणि रुबेला छान आहे. २०१८ च्या शेवटी गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा बालवाडीत अंगठ्याला शाई लावली होती का, हे तुम्हीच विचारलंत आणि मला एकदम आठवलं, हो, लावली होती! कांजिण्या तिला चार वर्षांची असताना येऊन गेल्या, ते रक्तात दिसतंय. गालगुंडाचं काहीच नाही, कारण सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही, आणि ओवीच्या लसी सगळ्या महापालिकेच्या. म्हणजे कोणाचं काही चुकलं नव्हतं, ती लस मिळालीच नव्हती. हे एवढं साधं कारण आधी कोणी का नाही सांगितलं?

हिपॅटायटिस बीचा आकडा होता ६, पाहिजे १० किंवा जास्त. तुम्ही तिला विचारलंत, सतराचा पाढा येतो का, रोज म्हणतेस का? नाही ना, पण विचारला की आठवतो, तसं तान्हेपणी घेतलेल्या लसीचा आकडा वर्षांनी खाली येतो पण शरीराला ओळख बहुतेक वेळा राहते. एक डोस घ्या, एक-दोन महिन्यांनी परत तपासा, एवढंच. सगळ्या लसी परत घेतल्या तरी धोका नसतो हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, फक्त लेकराला उगाच इतक्या सुया कशाला. आणि पैसे विचारले तर हात जोडलेत.

मुंबईत कोणाला वेळ नसतो म्हणतात, तुम्हालाही नव्हताच, फोन सारखा वाजत होता. तरी तुम्ही दिलात. अशी माणसं आहेत म्हणून या शहरात आपलं निभतं, मी मनापासून सांगते.

ओवीने हिपॅटायटिस बीचा डोस आणि एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला अशी एकत्र लस) पहिला डोस घेतलाय, रडली नाही, उलट नर्सला सतराच्या पाढ्याचं समजावत बसली. एमएमआरचा दुसरा महिन्याभराने. निघायच्या आधी आम्ही दोघी येतोय तुमच्याकडे, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. पैसे नाही घेतलेत, डब्याला नाही म्हणू नका.

तुमची,
ओवीची आई