फीचा दुसरा रकाना कोणी दाखवतच नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

पुण्यात आता दर दोन घरांआड कोणीतरी अमेरिकेत एमएस (मास्टर्स) करायच्या तयारीत असतं, आमच्याकडे मागच्या वर्षी मुलगी होती. कर्वे रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत बरेच पैसे भरले, त्यांनी आठ युनिव्हर्सिट्यांची लिस्ट हातात दिली, प्रत्येकीपुढे फीचा एक आकडा, आणि तो बघून मी दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन फ्लॅट तारण ठेवायला काय काय पेपर लागतात ते विचारून आलो.

मग एका रात्री मुलीने हाक मारली, बाबा इकडे या, इथे दोन रकाने आहेत. युनिव्हर्सिटीच्याच साइटवर फीचा तक्ता होता, एक रकाना रेसिडेंट आणि दुसरा नॉन-रेसिडेंट. तिकडच्या सरकारी युनिव्हर्सिटीत त्या राज्यातल्या पोरांना फी कमी, बाहेरच्यांना जास्त, कितीतरी ठिकाणी दुप्पट नाहीतर त्याच्याही वर, आणि आपली पोरं बाहेरच्यांतच धरतात. पण बाहेरच्यालाही कधीकधी आतली फी लागू शकते हे आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. टेक्सासमध्ये तर तसा कायदाच आहे, तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीची किमान १,००० डॉलरची स्पर्धेतून मिळालेली स्कॉलरशिप असली तर त्या वर्षापुरती रेसिडेंटची फी लावता येते, परदेशी विद्यार्थ्यालासुद्धा. स्कॉलरशिप हजाराची पण वाचतात त्याच्या कितीतरी पट. अर्थात एकूण विद्यार्थ्यांच्या ५ टक्क्यांपर्यंतच ही सवलत देता येते, त्यामुळे सगळ्यांना मिळेल असं नाही.

मुलीला मिळाली. नवीन आय-ट्वेंटी (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो खर्चाच्या आकड्यांसकट फॉर्म) आला त्यातला ट्यूशनचा आकडा मी दोनदा चष्मा पुसून वाचला, फ्लॅटचे पेपर कपाटातच राहिले. तिच्या मैत्रिणीचं मात्र वाईट वाटतं, ब्रांच तीच, मार्क तेवढेच, कन्सल्टन्सीपण तीच, पण स्कॉलरशिपचा फॉर्म वेगळा असतो आणि त्याची तारीख अ‍ॅडमिशनच्या आधी संपते हे तिला कळलं तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. ती पूर्ण फी भरतेय. बऱ्याच कन्सल्टन्सीवाल्यांना काही युनिव्हर्सिट्यांकडून कमिशन असतं, ते असो, पण आपण एवढे पैसे देतो तर निदान तारीख तरी सांगावी.

आमच्या सोसायटीत एक काका ठामपणे सांगतात की वर्षभर तिथे राहिलं की पोरगं रेसिडेंट होतं. स्टुडंट व्हिसावर सहसा तसं होत नाही, कृपा करून त्या भरवशावर लोनचा हिशोब मांडू नका. टीए-आरए, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं युनिव्हर्सिटीतलंच काम, मिळालं तर काही ठिकाणी ट्यूशन माफ होते पण बाकीच्या फीज भराव्या लागतातच, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत तर हे दोन रकाने नसतातच, सगळ्यांना एकच दर. ज्यांच्या भावाबहिणींची पोरं तिकडचीच आहेत त्यांना पश्चिमेकडच्या राज्यांची डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) स्कीम बघायला सांगा, बॅचलर्सला स्कीममधल्या दुसऱ्या राज्यात स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपटीत काम होतं, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, इथून जाणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

तुमच्या शिक्षणाच्या पानावर परदेशी शिक्षणाच्या जाहिराती भरपूर येतात, त्याच पानावर एकदा ही माहिती पण सविस्तर द्या. त्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ यंदा फॉर्म भरतोय, स्कॉलरशिपच्या बऱ्याच तारखा डिसेंबरपासूनच सुरू होतात, त्याच्या आत छापून आलं तर फार बरं होईल.

एक पालक, सिंहगड रोड, पुणे