मेगापिक्सेल वाढले, संगणकाचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की जाहिरातींत ४५ आणि ६१ मेगापिक्सेलचे कॅमेरे दिसू लागतात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईच्या भरवशावर नागपुरातले व आसपासच्या तालुक्यांतले स्टुडिओवाले ते हप्त्यांवर उचलतात. खरेदीचा हिशेब बॉडी, लेन्स, कार्ड आणि बॅग इथे संपतो. या फाइली ज्यावर उघडायच्या तो संगणक पाच-सात वर्षांपूर्वीचाच राहतो. संस्थांच्या खरेदीतही हाच प्रकार दिसतो. निविदेत ‘किमान ४५ मेगापिक्सेल’ ठळक अक्षरांत असते. संगणक दुसऱ्या लेखाशीर्षाखाली, दुसऱ्या वर्षी, ८ जीबी रॅमचा येतो. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण हसण्यावारी वापरतो. कॅमेरा घेताना ती अंदाजपत्रक म्हणून वापरावी.

हे सगळे एकदा घडून गेले आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये निकॉनने ३६.३ मेगापिक्सेलचा डी-८०० जाहीर केला. त्याआधीचा डी-७०० होता १२.१ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका उडीत तिप्पट. त्या काळी टेबलावरचे कितीतरी संगणक ३२ बिट विंडोजवर चालत. त्या विंडोजला ४ जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही. प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपासच हाती लागते. डी-८००ची १४ बिटची, न दाबलेली रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) सुमारे ७५ एमबी. फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडली की एकच लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, २१७ एमबी. त्यावर दोन-तीन लेयर चढले की रॅम संपते, फोटोशॉप हार्ड डिस्कलाच रॅम समजून वापरू लागते, कॅबिनेटवरचा लाल दिवा विझायचे नाव घेत नाही आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. मग मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, विंडोज असे सगळेच नवे. कॅमेरा सर्वांत आधी घेणाऱ्यांना तो असा दोनदा विकत घ्यावा लागला.

गंमत अशी की डिजिटलच्या अगदी सुरुवातीला ही चूक करायची सोयच नव्हती. १९९१ सालच्या कोडॅक डीसीएस-१०० मध्ये निकॉन एफ-३ च्या बॉडीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर लावलेला असे आणि फाइली साठवण्यासाठी २०० एमबी डिस्कची वेगळी पेटी खांद्याला लटकवून फिरावे लागे. तीत न दाबलेली १५६ छायाचित्रे मावत. यंत्राचे ओझे खांद्यावरच असल्याने त्याचा विसर पडणे शक्य नव्हते.

आता आजचा हिशेब. ६१ मेगापिक्सेलच्या सोनीची फाइल ९५०४ बाय ६३३६ पिक्सेलची, म्हणजे सहा कोटी पिक्सेल. १६ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून ६ बाइट लागतात. एक लेयर ३६१ एमबीचा झाला. त्वचेसाठी एक, डागांसाठी एक, रंगांसाठी दोन असे धरले तर दीड जीबीला पोचतो आणि ‘मागे घ्या’ची पायरी वापरता यावी म्हणून फोटोशॉप जुन्या अवस्था सांभाळते ते वेगळेच. १२ मेगापिक्सेलच्या काळी हाच लेयर ७२ एमबीचा होता.

प्रोसेसरला घाम फुटतो तो आणखी एका कारणाने. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग टिपतो. निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून संगणकाने काढायचे असतात. म्हणजे रॉ फाइलमधून तयार झालेल्या चित्रातली दोन-तृतीयांश माहिती गणिताने भरलेली असते, आणि हे गणित प्रत्येक फाइलला, प्रत्येक एक्सपोर्टला होते. त्यावर नॉइज काढणे आणि लेन्सची वक्रता सुधारणे. नवे, एआयवर चालणारे नॉइज काढण्याचे काम तर ग्राफिक्स कार्डवरच चालते. ते नसेल तर जे काम काही सेकंदांत व्हावे त्याला एका फोटोमागे मिनिटे लागतात.

लग्नाचे उदाहरण घ्या. हळद, लग्न आणि स्वागत समारंभ मिळून दोन कॅमेऱ्यांवर ४००० क्लिक सहज होतात. दाबलेली रॉ ६१ एमबीची धरली तर २४४ जीबी. एवढ्या फाइली कार्डावरून संगणकात यायच्या तर मार्गातला सर्वांत अरुंद भाग वेग ठरवतो. टाकी कितीही मोठी बांधा, तोटी अर्ध्या इंचाचीच असेल तर धार तेवढीच पडणार. यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी येतात, म्हणजे फक्त कॉपीला दोन तासांवर. यूएसबी ३.० आणि साधे यूएचएस-१ (मध्यम वेगाचे) कार्ड असेल तर पाऊण तास. पुष्कळदा घोटाळा एवढाच असतो की चांगला कार्ड रीडर काळ्या पोर्टमध्ये खोचलेला असतो. साधारणपणे निळा पोर्ट ३.० चा, काळा २.० चा. असेंबल्ड कॅबिनेटमध्ये तर समोरचा पोर्ट निळा दिसतो, पण आतली त्याची जाड केबल मदरबोर्डला जोडलेलीच नसते किंवा अडॅप्टरने जुन्या जोडणीत घुसवलेली असते. कॅबिनेट उघडून पाहायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

कॅमेरा घेण्याआधी एक चाचणी करून पाहावी. आपले कार्ड दुकानात न्यावे, डेमो बॉडीत घालून रॉमध्ये शंभर फोटो काढावेत. दुकानाबाहेरच्या रस्त्याचे चालतील. घरी आणून नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यावेत. इथेच पहिली अडचण येऊ शकते. जुने फोटोशॉप किंवा लाइटरूम नव्या कॅमेऱ्याची रॉ ओळखत नाही. त्यावर रॉ फाइल अडोबीच्या डीएनजी प्रकारात बदलून देणारा अडोबीचाच मोफत डीएनजी कन्व्हर्टर हा उतारा आहे, पण त्यात प्रत्येक फाइलमागे एक फेरी वाढते. फाइली उघडल्या की तीन वेळा घड्याळ लावावे: कॉपीला, पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू बनायला, आणि थोडे एडिटिंग करून जेपीईजी एक्सपोर्ट व्हायला. प्रत्येक आकड्याला चाळिसाने गुणा. हे तुमचे एक लग्न.

एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवावा. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल तर एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, हवी. जुन्या मदरबोर्डात एनव्हीएमईची (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या वेगवान एसएसडीची) जागा नसेल तर हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी साटा एसएसडीही चालते, तिचा साडेपाचशे एमबीचा वेग साध्या हार्ड डिस्कच्या तिपटीहून जास्त आहे. मेमरी नव्वदच्या वर गेली असेल तर रॅम. २४ मेगापिक्सेलला १६ जीबीवर भागते, ४५ ते ६१ ला ३२, आणि फोटो जोडून मोठी चित्रे करायची असतील तर ६४. रॅम एका पट्टीत न घेता सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे दोन्ही वाहिन्या चालतात. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर ठाम असेल तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार करावा. सरसकट नवा संगणक घ्यायची गरज नसते, आणि हे विकणारा सांगणार नाही.

प्रोसेसर शंभर टक्के असूनही त्याखालचा गिगाहर्ट्झचा आकडा सुरुवातीला चारच्या वर आणि वीस मिनिटांनी दोनवर आलेला दिसला, तर तो आपल्या नागपूरचा खास आजार आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्रोसेसर तापून शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एनव्हीएमई एसएसडीही तेच करते. पहिले शंभर फोटो झरझर निघतात आणि पुढचे रखडतात ते यामुळे. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये, पंख्यांच्या जाळ्या ब्रशने साफ कराव्यात, तीन-चार वर्षांनी प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातली थर्मल पेस्ट बदलावी. आणि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणे बंद करावे. ओलसर हवेत उन्हाळ्याची धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिखलासारखी बसते. ती मग ब्लोअरनेही निघत नाही. लॅपटॉपवर रात्रभर एक्सपोर्ट लावणाऱ्यांनी तो गादीवर ठेवू नये, एवढे सांगायला हवे.

साठवणीत दोन फसवे प्रकार आहेत. स्वस्त एसएसडी सुरुवातीचे काही जीबी वेगाने लिहितात, आतला वेगवान भाग भरला की साध्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येतात. २४४ जीबी ओतताना हे हमखास दिसते. आणि बाहेरून जोडायच्या बऱ्याच छोट्या हार्ड डिस्क कौलांसारखे एकावर एक पट्टे रचून लिहितात. त्यावर जुने पुसून नवे लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि वेग कोसळतो. अशा डिस्क एकदाच भरून कपाटात ठेवायला ठीक, रोजच्या कामाला नाहीत. प्रती तीन असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. क्लाउडचा पर्याय सुचवणाऱ्यांनी आधी गुणाकार करावा: ५० एमबीपीएस अपलोडवर एक लग्न चढायला जवळजवळ अकरा तास. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.

अल्बमवाल्यांना आणखी एक भिंत आडवी येते. १२ बाय ३६ इंचांची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०,८०० पिक्सेलची होते. तीत ६१ मेगापिक्सेलचे फोटो मूळ आकारात स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून (मूळ फोटो आत जसाच्या तसा ठेवून) टाकले की पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची नेहमीची फाइल, २ जीबीच्या पुढे जाते आणि सेव्ह होत नाही. ती पीएसबी या मोठ्या फाइलींच्या प्रकारात सेव्ह करावी किंवा फोटो आधीच लागेल तेवढे लहान करून घ्यावेत. पेनड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल तो घेत नाही. लॅबमध्ये जाण्याआधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

मुळात एवढे पिक्सेल हवेत का? १२ बाय १८ इंचांचे पूर्ण पान ३०० डीपीआयला १९.४ मेगापिक्सेलचे. २४ चा कॅमेरा ते छापून वर थोडी कातरायला जागा ठेवतो. चौकातल्या फ्लेक्सवर भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला तर त्याहून कमी पुरतात, कारण फ्लेक्स लांबून पाहतात. शिवाय पिक्सेल बारीक झाले की हात हललेला लगेच दिसतो. १/६० सेकंदावर हातात धरून चालणारे काम १/१६० मागते, एफ/११ च्या पुढे लेन्सचे छिद्र बारीक केले की विवर्तनाने, म्हणजे प्रकाश छिद्राच्या कडेशी पसरल्याने, धार बोथटते. हललेला फोटो ६१ एमबीचा असला तरी हललेलाच.

ताडोबा-पेंचला जाणाऱ्यांना कातरायला पिक्सेल लागतात, हे मान्य. पण खरी गरज आहे ती जुनी वृत्तपत्रे, पोथ्या आणि नकाशे यांचे डिजिटायझेशन करणाऱ्यांना. शंभरी ओलांडलेल्या संस्था नागपुरात कमी नाहीत. ६१ मेगापिक्सेलमध्ये पावणेचोवीस बाय पावणेसोळा इंचांचा भाग ४०० पीपीआयने (इंचाला ४०० पिक्सेल) येतो. मोठ्या आकाराच्या वृत्तपत्राचे एक पान यात बसते. २४ मेगापिक्सेलमध्ये तेच पान अडीचशेवर घसरते, आणि पिवळ्या पडलेल्या कागदावर बारीक टाइपातला अनुस्वार, रफार की शाईचा डाग हे ओळखता येत नाही. अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर तिथेच चुकते. रोज आठ पानांच्या दैनिकाची एका वर्षाची बांधणी घेतली तर २,९२० क्लिक; रॉ १७८ जीबी, १६ बिट टिफ केले तर एक टीबीच्या वर, ८ बिटमध्ये त्याच्या निम्मे. तीन प्रतींसाठी याला तिनाने गुणा. पन्नास वर्षांच्या बांधण्या असतील तर हे काम टेबलावरच्या संगणकाचे राहत नाही. एकापेक्षा जास्त डिस्क एकत्र चालवणारा नॅस सर्व्हर लागतो.

तेव्हा निविदा काढणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या ओळीखालीच, त्याच खरेदीत, ३२ जीबी रॅम, दोन टीबी एसएसडी, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, तीन प्रतींपुरत्या हार्ड डिस्क आणि शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लिहावा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास थकतो आणि त्याच्या चौकोनी लहरींवर काही नवे एसएमपीएस (कॅबिनेटमधले वीज पुरवणारे डबे) वीज जाताक्षणी बंद पडतात. पैसे पुरत नसतील तर कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा घ्यावा, ही यादी कापू नये.

आपले,
छायाचित्र व छपाईच्या संगणककामातले काही वाचक,
धरमपेठ, नागपूर