सातबारा सुटतो, वावर सुटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खरीप तोंडावर आला की आपल्या गावांत दोन तऱ्हेची घरं दिसतात. एका घरात सत्तरीचा बाप बियाण्याच्या पाकिटांपासून मजुरांच्या चहापर्यंत सगळं स्वतः ठरवतो आणि चाळिशीचा मुलगा मान हलवतो. दुसऱ्या घरात बापानं मन भरून आल्यावर सगळी शेती नावावर करून दिलेली असते आणि आता तो ओसरीवर बसून दिवसभर धुमसतो. कीर्तनात दोघांच्याही वाट्याला ‘मोह सोडा’ एवढंच येतं. तो कसा सोडायचा, आधी काय आणि मग काय, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

सोडण्याला क्रम असतो. आधी हुकूम सोडावा, मग पैशाचा व्यवहार, आणि जमिनीचा कागद सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे उलटं होतं, कारण कागद एका दिवसात होतो आणि हुकूम सुटायला तीन हंगाम लागतात. मग सातबारा मुलाच्या नावावर, पण वावरात शब्द बापाचा. मुलानं सकाळी लावलेली डवरणी (तण काढायची कोळपणी) बाप दुपारी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थांबवतो. मजूर बायांना दोन मालक होतात आणि काम एकाचंही होत नाही.

पहिल्या वर्षी एकच तुकडा सोपवावा, दोन एकरांचा, पण पूर्ण: बियाणं, अंतर, खत, फवारणी, वेचणी, विक्री. तुकडा मध्यम जमिनीचा असावा. बरड तुकडा देऊन ‘दाखव करून’ म्हणणं म्हणजे परीक्षा घेणं, त्याला सोपवणं म्हणत नाहीत. त्या दोन एकरांच्या जमाखर्चाची वही वेगळी आणि ती मुलानंच लिहावी.

खरी कसोटी पेरणीला लागते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मुलाला समजा धूळपेरणीच, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, करायची आहे. बापानं काय करावं? रात्री जेवण झाल्यावर, घरात, एकदाच, कारणासकट सांगावं. वावरात, मजुरांसमोर सांगू नये. एवढ्यावर मुलानं पेरलंच आणि पावसानं दडी मारली, तर चार पाकिटं आणि पेरणीची मजुरी गेली. दोन एकरांचं हे नुकसान घर सोसू शकतं, तुकडा लहान ठेवायचा तो यासाठीच. सोसत नाही ते पुढचं वाक्य : “म्या तं आधीच सांगतलं होतं.” हे तोंडातून निघालं की पुढच्या वर्षी मुलगा विचारायला येत नाही.

मात्र एका बाबतीत गप्प बसू नये. तोंडाला काही न बांधता, वाऱ्याच्या तोंडी, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) कोणी फवारत असेल तर पंप काढून घ्यावा, मग तुकडा कोणाचाही असो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. बियाणं पुन्हा आणता येतं.

दुसऱ्या वर्षी पैसा. इथं अडतं ते लाजेमुळे. बाप बँकेचं पासबुक देतो, पण देणं सांगत नाही. कृषी केंद्राची उधारी, सोसायटी, बँकेचं पीककर्ज, सोयऱ्यांकडून घेतलेले हातउसने, मजुरांची बाकी, मुलीच्या लग्नात काढलेलं सोनं : ही सगळी यादी एका पानावर तारखांसकट लिहून नवरा-बायको आणि मुलगा-सून अशा चौघांनी वाचावी. पीककर्ज वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते. ते लपवलं की तारीख चुकते, सवलत जाते, खातं थकीत होतं आणि पुढच्या हंगामाला नवं कर्ज मिळत नाही. कर्ज लपवणं हीसुद्धा आसक्तीच आहे, आपल्या नावाची.

सासूबाईंचंही हेच. किल्ली सुनेच्या कमरेला दिली, पण डब्यात तेल किती उरलं ते रोज झाकण उघडून बघत असतील, तर काहीच दिलेलं नाही. वर्षाचं तिखट आणि मुगवड्या यांचा अंदाज एका उन्हाळ्यात सुनेच्या हातानं चुकू द्यावा. वड्या कमी पडल्या तर पडल्या.

मग तिसऱ्या वर्षी कागद. इथं भावना बाजूला ठेवाव्यात. वडिलोपार्जित शेतीची वाटणी सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीनं तहसीलदारांसमोर, जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 85 खाली करता येते. स्टॅम्पपेपरवर लिहून पेटीत ठेवलेल्या वाटणीनं फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांची बदललेली नोंद, होत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेशी बोलावं. आणि ज्यावरून वाटणीनंतर डोकी फुटतात त्या दोन गोष्टी दस्तात लिहाव्याच : विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची कोणत्या दिवशी, आणि मागच्या तुकड्यात जायची वाट किती फूट रुंद. आज बंडी जाते म्हणून सोडलेल्या वाटेत उद्या ट्रॅक्टर अडकतो.

स्वतःची जमीन मुलाला बक्षीसपत्रानं देत असाल, तर सांभाळ करण्याची अट त्याच दस्तात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली झालेल्या कायद्याचं कलम 23 अशा अटीवर उभं आहे. मुलानं अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो. अट तोंडी असेल तर सगळं सिद्ध करत बसावं लागतं. राहतं घर आणि एखादा एकर मात्र नवरा-बायकोच्या नावावर शेवटपर्यंत राहू द्यावा. त्याचं मृत्युपत्र करता येतं, दोन साक्षीदार लागतात आणि मरेपर्यंत ते बदलता येतं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायला तर म्हातारपणाची वाट पाहण्याचंही कारण नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचा, विषय याच मातीत मांडला होता, आणि तरी आजही नवरा गेल्यावरच बाईचं नाव लागतं.

असं अटी घालून सोडण्यात कसलं वैराग्य, असं काहींना वाटेल. त्यांनी गाडगेबाबांकडे पाहावं. 1905 साली घर सोडलेल्या या माणसाच्या अंगावर चिंध्या आणि हातात खराटा होता. धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःच्या नावावर एकही ठेवली नाही, पण त्या वाऱ्यावरही सोडल्या नाहीत. विश्वस्त नेमले, व्यवस्था लावली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पवनारच्या विनोबांनीही एका दिवसात सगळं टाकलं नाही. 1951 पासून तेरा वर्षं पायी हिंडले, 1970 मध्ये क्षेत्रसंन्यास (एकाच जागी राहण्याचं व्रत) घेतला, अन्नपाणी सोडलं ते 1982 मध्ये.

त्यागाच्या नावाखाली आपल्याकडे जे चालतं, त्यातली एक गोष्ट फार खटकते. हक्कसोडपत्र. सोडायची पाळी आली की घरातल्या फक्त लेकींना सोडायला सांगतात, तेही राखीला माहेरी आल्या असताना. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तिला खुशीनं सोडायचा असेल तर तिनं जरूर सोडावा, पण आधी तिला जमीन किती, तिचा हिस्सा किती, हे आकड्यांत सांगावं, आठ-पंधरा दिवस विचार करू द्यावा आणि मगच दुय्यम निबंधकाकडे न्यावं. माहेर तुटेल या भीतीनं केलेली सही म्हणजे त्याग नव्हे.

तसंच, ‘आहे ते स्वीकारा’ हा उपदेश कापसाच्या भावाला आणि पीकविम्याच्या नाकारलेल्या दाव्याला लावू नये. पाऊस स्वीकारावा लागतो. पंचनामा चुकीचा झाला असेल तर अर्ज करावा, पोच घ्यावी, पुन्हा जावं.

राहता राहिला रिकाम्या हातांचा प्रश्न. पन्नास वर्षं पहाटे चारला उठलेला माणूस हुकूम सोडल्यावरही चारलाच उठतो. त्याला काम नसलं की पाय आपोआप धुऱ्याकडे वळतात. भजन, परसबाग, गोठा हे आहेच. पण शेताशी नातं राहील आणि हुकूम चालणार नाही, असं एक काम फार कामी येतं : पाऊस मोजणं. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा एक डबा घ्यावा. तोंड केवढं आहे याला महत्त्व नाही, फक्त वर-खाली सारखं असावं. निमुळता डबा चालत नाही. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर मोकळ्यात तो बसवावा. काठ जमिनीपासून फूटभर वर हवा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत जातात. रोज सकाळी साडेआठला शाळेची पट्टी उभी बुडवून मिलिमीटर वाचावेत, लिहावेत आणि डबा ओतून द्यावा. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो. टोक दगडावर घासून शून्यापर्यंत आणलं नाही, तर रोज चार-पाच मिलिमीटर कमी भरतात आणि आठवडाभरात हिशेब पार चुकतो.

मृगात पहिल्या दिवशी 22, दुसऱ्या दिवशी 9, तिसऱ्या दिवशी 31 भरले, तर बापानं चहाच्या वेळी मुलाला एवढंच सांगावं : “आजवर 62 झाला.” पेरणीची तिफन कधी काढायची ते मुलगा ठरवेल.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा