माळ्यावरची काठी

प्रिय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे तुला पत्र नाही, त्याबद्दल हवे तेवढे बोलून घे. गुडघा सोडला तर प्रकृती बरी आहे.

आज लिहायला बसलो ते घरात घडलेल्या प्रकारामुळे. शनिवारी चिरंजीव क्रिकेटचा सामना सोडून हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळायला गेले आणि मी त्याची ती ॲशच्या लाकडाची, टोकाला पत्र्याची पट्टी ठोकलेली काठी रागाने माळ्यावर टाकली. 'क्रिकेट आपला खेळ आहे,' असे बजावले, तर म्हणतो, 'बाबा, तो तर इंग्रजांचा.' तुझेच वाक्य, आवाज तेवढा माझ्या पोराचा! खो-खोच्या सरावाला दांडी मारून मी क्रिकेट पाहायला गेलो म्हणून तू मला संघातून काढलेस, ते मी अजून विसरलेलो नाही.

तुझ्यासारखे अण्णा इथे आयर्लंडमध्येही होऊन गेले. परके खेळ देशी खेळांना गिळतील या भीतीने मायकेल क्युसॅकने 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही देशी खेळांची संघटना काढली. तो स्वतः मात्र आधी क्रिकेट आणि रग्बी खेळलेला होता (तुझी शाळेतली बॅट मी पाहिली आहे). पुढे परका सामना पाहणेही गुन्हा ठरले. आयरिश भाषा जगावी म्हणून गेलिक लीग उभारणारे डग्लस हाइड 1938 साली राष्ट्राध्यक्ष या नात्याने पोलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्याला हजर राहिले, तर संघटनेने त्यांचे आश्रयदातेपदच काढून घेतले. त्यांच्यापुढे माझी काय कथा!

ही बंदी 1971 साली उठली. तिला निव्वळ हेकटपणा मात्र म्हणवत नाही. 21 नोव्हेंबर 1920 रोजी क्रोक पार्कवर, म्हणजे या संघटनेच्या डब्लिनमधल्या मैदानावर, सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळ्या झाडल्या आणि 14 जीव गेले, त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगनही होता. त्याच्या नावाच्या स्टँडमध्ये बसून ही हकिगत मुलाने मला सांगितली, मी त्याला नव्हे. त्याच मैदानावर 2007 साली इंग्लंडचा रग्बी संघ आला, त्यांचे राष्ट्रगीत लोकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग आयर्लंडने त्यांना 43-13 असे हरवले. ही रीत मला पटली.

तुझ्या बदलीचे काय झाले, ते कळव. वहिनींना नमस्कार.

काठी अजून माळ्यावरच आहे. ती परत देताना काय बोलावे, ते सुचत नाही. तू मला संघात परत घेतलेस, तेव्हा एक अक्षरही बोलला नव्हतास. नुसता खांब पुरायला हाक मारली होतीस.

तुझा,
रघू