दुसऱ्या डबीबद्दल आभार

डॉक्टर,

तुम्ही तेव्हा निवासी डॉक्टर होता, त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर तुमचं नाव नाही. म्हणून हे उघड पत्र.

घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन झालेल्या पेशंटची मान दुखू लागली की ‘रेडिएशननं आखडलीय’ म्हणून मोकळं होणं सोपं. तसे मोकळे झालेले आधी भेटलेच. स्नायू सैल करायच्या गोळ्या, शेक, मानेचे व्यायाम! पडून राहिलं तरी न थांबणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नुसत्या आखडलेल्या स्नायूचं आहे का, हे कुणी तपासलं नाही. ताप नाही, मग इन्फेक्शन कसलं? मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये ताप पुष्कळदा नसतोच. रक्ततपासणीतले सूज दाखवणारे आकडे, सीआरपी आणि ईएसआर, मात्र बहुधा चढलेले असतात. पुढे एमआरआय झाला, तर थेट दुसरं टोक: कॅन्सर हाडात उतरलाय.

तुम्ही त्याच एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधल्या चकतीवर बोट ठेवलंत. कॅन्सरची गाठ सहसा हाडात वाढते आणि चकती सोडते. जंतू चकतीसकट तिच्या वरचा-खालचा मणका कुरतडतात. रेडिएशननंतर घशाच्या मागच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो. तिथे न भरणारा व्रण पडला, की तोंडातल्या जंतूंना मणका हाकेच्या अंतरावर.

पण आभार मुख्यतः त्या डबीचे. बायोप्सीत काढलेल्या तुकड्यासाठी फॉर्मलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवाची, एकच डबी तयार होती. फॉर्मलिनमधल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी दिसतात, पण जंतू मरतात, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवत नाही. तुम्ही दुसरी निर्जंतुक डबी मागवलीत, तळाशी थोडं सलाइन घातलंत, एक तुकडा त्यात टाकलात आणि ती स्वतः मायक्रोबायोलॉजीत नेऊन दिलीत. ऑक्सिजनविना वाढणारे जंतू, बुरशी, क्षय, सगळं बघा असं फॉर्मवर लिहिलंत. हातापायांत ताकद होती, प्रकृती स्थिर होती, म्हणून रक्ताचे कल्चर आणि हा तुकडा हाती येईपर्यंत अँटिबायोटिक थोपवलंत. हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. केलं नसतं तरी कुणी विचारलं नसतं. अशी माणसं वॉर्डात असतात म्हणून बरं.

एका डबीत कॅन्सर निघाला नाही, दुसरीत तोंडातले जंतू निघाले. सहा आठवडे शिरेतून दिलेलं औषध अंदाजानं नव्हे, जंतू बघून ठरलं. हाताची पकड सैल झाली, शर्टाचं बटण लागेना किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तडक या, हेही तुम्हीच कागदावर लिहून दिलंत.

ड्युटी संपता संपता आलेली ती डबी लॅबमध्ये ज्यांनी कुरकुर न करता घेतली, त्यांनाही आमचे आभार कळवा.